तळघरातले चाक, चोविसाव्या मजल्यावरचे पाणी

मुंबईतल्या एखाद्या उंच इमारतीच्या तळघरात, पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, लोखंडी दाराची एक खोली असते. आत लाल रंगाचे पंप ओळीने बसवलेले असतात. एक लहान, दोन मोठे. मोठ्यांपैकी एकाला विजेची मोटर जोडलेली, दुसऱ्याला डिझेल इंजिन. इमारतीतल्या बहुतेकांनी ही खोली कधी पाहिलेलीही नसते. आग लागलीच नाही, तर या मोठ्या पंपांना त्यांचे खरे काम आयुष्यात एकदाही करावे लागत नाही. पण ती वेळ आलीच, तर मिनिटाला २,२८० लिटर, म्हणजे सेकंदाला ३८ लिटर पाणी त्यांनी वर ढकलायचे असते, तेही काही क्षणांत सुरू होऊन.

हे काम करणारा भाग म्हणजे एक फिरणारी चकती. तिला दट्ट्या नाही, उघडझाप करणारी झडप नाही, एकमेकांत अडकणारे दाते नाहीत. चकतीवर वळणदार पाती असतात. तिला इंपेलर म्हणतात. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्याची गोफण आठवा. दगड गोल फिरत असतो, सुटताच सरळ सुसाटत बाहेर जातो. इंपेलरच्या मध्यावर आलेले पाणी पात्यांमधून असेच कडेला जाते आणि कडेवरून वेगाने सुटते. भोवतालच्या केसिंगमधली वाट पुढे रुंद होत जाते, त्यामुळे पाण्याचा वेग मंदावतो आणि गेलेला वेग दाब होऊन हाती येतो. सेंट्रिफ्युगल पंपाची सगळी कहाणी एवढीच.

आता हिशेब करून पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारी दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते. इंपेलरचा व्यास २५ सेंटीमीटर धरला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १३७ किलोमीटर होतो. त्याच वेगाने एखादा दगड सरळ वर फेकला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर तो ७३ मीटर उंच जाईल. म्हणजे तीन मीटरचा एक मजला धरून चोविसावा मजला. त्या व्यासाचा आणि त्या गतीचा पंप पाणी चढवतो तेही साधारण याच उंचीच्या आसपास. व्यास आणि फेरे, या दोन आकड्यांनी इमारतीची उंची बांधली जाते! फेरे दुप्पट केले तर उंची चौपट होते, पण लागणारी ताकद आठपट. म्हणून आणखी उंच इमारतींसाठी गती वाढवत बसत नाहीत. एकाच दांड्यावर अनेक इंपेलर ओवतात आणि एकाचे पाणी दुसऱ्याच्या पोटात देतात.

पाती सरळ न ठेवता वाकवावीत हे जगाला पटवून दिले जॉन अ‍ॅपोल्ड या इंग्रजाने, १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात. त्याच्या वक्र पात्यांच्या पंपाने दिलेल्या ताकदीपैकी ६८ टक्के पाण्यात उतरवली. सरळ आऱ्यांच्या पंपाला २४ टक्क्यांवर थांबावे लागले. आपल्याकडे या यंत्राची पाळेमुळे थेट सांगली जिल्ह्यात सापडतात. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगरापाठोपाठ तिथे पंपही ओतले जाऊ लागले. विहिरीवरचा पंप आणि टॉवरच्या तळघरातला पंप ही एकाच कुळातली यंत्रे आहेत, आणि त्यांचा सर्वांत मोठा दुबळेपणाही एकच आहे. तो म्हणजे हवा.

विहिरीवरच्या पंपात आधी पाणी ओतून भरावे लागते, नाहीतर मोटर नुसती फिरते, हे शेतकऱ्याच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामागचे कारण मात्र चकित करणारे आहे. इंपेलर आपल्या पोटात जे असेल त्याचाच स्तंभ उभारतो. पाणी असेल तर समजा ८० मीटरचा पाण्याचा स्तंभ. हवा असेल तर ८० मीटरचा हवेचा स्तंभ. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी, म्हणून हवेच्या त्या ८० मीटरचा दाब पाण्याच्या जेमतेम दहा सेंटीमीटरइतका भरतो. चोविसाव्या मजल्याला पाणी देणारे यंत्र पोटात हवा शिरताच वीतभरही पाणी उचलू शकत नाही. बिघाड कसलाच नाही, मोटर गरगर फिरते आहे, आवाजही होतो आहे, आणि वरच्या नळीत थेंब नाही.

म्हणून आगीचा पंप बसवताना पहिला प्रयत्न असतो तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली पंप ठेवण्याचा. मग पाणी आपल्या वजनानेच पंपात भरलेले राहते. टाकी खाली आणि पंप वर अशी पाळी आलीच, तर तळाशी पाणी परत खाली जाऊ न देणारा फूट व्हॉल्व्ह आणि वर पंप भरलेला ठेवणारी प्रायमिंगची टाकी लागते. आणि त्या फूट व्हॉल्व्हमध्ये एक काडी जरी अडकली, तरी रात्रभरात पंप रिकामा होतो. पाणी खरे तर पंप ओढतही नाही. वातावरण ते आत ढकलते, आणि तो रेटा समुद्रसपाटीला फार तर १०.३ मीटरचा. पंपाने १८ हातांपलीकडे पाणी चढत नाही हे गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात नोंदवले होते. त्याचे कारण पुढे त्याच्या शिष्याने, टॉरिचेलीने, पाऱ्याच्या नळीत दाखवून दिले. पाणी आत आणणारी सक्शनची नळी अरुंद, वाकडी किंवा अर्धी तुंबलेली असेल, तर तिथला दाब इतका उतरतो की थंड पाण्यातही वाफेचे बुडबुडे उठतात. ते इंपेलरवर जाऊन फुटतात तेव्हा केसिंगमध्ये खडी घातल्यासारखा आवाज येतो आणि धातूचे कण उडू लागतात.

त्यामुळे चांगला फिटर सर्वांत जास्त वेळ सक्शनच्या बाजूला घालवतो. मोठ्या नळीवरून लहान तोंडावर येणारा तुकडा तिरका निवडून त्याची सपाट बाजू तो वर ठेवतो, म्हणजे माथ्याशी हवेचा फुगा अडकत नाही. पंपाच्या तोंडाशी लगेच बेंड येऊ देत नाही. नळ्यांचे वजन पंपावर लोंबकळू न देता त्यांना स्वतंत्र आधार देतो. पाया भरून सिमेंट बसल्यावर मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगची रेषा पुन्हा तपासतो, कारण कारखान्यातून जुळवून आलेली रेषा प्रवासात आणि बोल्ट आवळताना हलते. माझ्या मते पंपखोलीचा दर्जा पाहायचा असेल तर झगमगीत पॅनेलकडे न पाहता या नळ्यांकडे पाहावे.

वायरिंग झाल्यावर एक मजेशीर फसगत होऊ शकते. मोटरचे दोन फेज उलटे जोडले गेले तर ती उलटी फिरते. पण पाणी मात्र उलटे जात नाही! कडेवरून सुटलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट एकच असते, म्हणून पंप उलट फिरूनही त्याच दिशेने पाणी देत राहतो, फक्त कमी दाबाने आणि कमी मापाने. काटा हलतो, नळीत पाणी येते, सगळे समाधानी होतात. मोटर रिवाइंड करून आणल्यावर केसिंगवरच्या बाणाशी फेऱ्यांची दिशा ताडून पाहणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

या खोलीतला रोजचा कारभार दाब पाहतो. वर जाणाऱ्या नळ्या सदा भरलेल्या असतात, समजा सात केजी, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सात किलो दाबाने. कुठे थोडे झिरपले आणि दाब सहावर आला, की लहान जॉकी पंप सुरू होऊन तूट भरून काढतो आणि आपणच थांबतो. पण कुणी हायड्रंट उघडला किंवा उष्णतेने स्प्रिंकलर फुटला, तर जॉकीला ते झेपत नाही. दाब पाचवर उतरतो आणि मुख्य पंप उठतो. तोही उठला नाही, तर चारवर डिझेल. हे आकडे इमारतीगणिक बदलतात, क्रम तोच राहतो. मुख्य पंप आपोआप सुरू होतो, पण आपोआप थांबत नाही. तो माणसानेच बंद करायचा, आग विझल्याची खात्री करून. वर धुरात जवान नळी धरून उभा असताना खाली एखाद्या स्विचला पुरे झाले असे वाटून चालणार नाही.

याहून विलक्षण गोष्ट या पंपांच्या नियमांत दडलेली आहे. आपली रोजची यंत्रे स्वतःला जपतात. मोटर तापली की ओव्हरलोड रिले तिला तोडतो, इंजिनात तेलाचा दाब उतरला की ते बंद पडते. अमेरिकेच्या एनएफपीए २० या संहितेत आगीच्या पंपाला ही मुभा जवळजवळ नाहीच. डिझेल इंजिन तापले, तेल उतरले, तरी ते घंटा वाजवील पण आगीत चालत राहील. थांबायची परवानगी मुख्यतः गती बेफाम वाढली तरच, कारण तेव्हा यंत्र फुटून पाणीच बंद होईल. मोटर जळाली तर जळू द्यावी, तोवरची मिनिटे लोकांना जिने उतरायला मिळतात. आगीवर आलेले दल इमारतीची वीज सर्वांत आधी तोडते, म्हणून पंपाची वीजही इमारतीच्या मुख्य स्विचच्या अलीकडून, वेगळ्या वाटेने घेतात. यंत्राने माणसासाठी मोडून पडावे असे नियमातच लिहिलेले आहे, हे मला आजही थक्क करते.

मुंबईच्या अग्निशमन दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे. शहरातले टॉवर कधीच तिच्या पलीकडे गेले. तिथे आगीशी लढणारे पाणी इमारतीच्या आतूनच यावे लागते. ते न आल्यास काय होते हे २३ फेब्रुवारी १९९१ला फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत दिसले. बाविसाव्या मजल्यावर आग लागली, वीज गेली, आणि नळ्यांवरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे लावलेले असल्याने जवानांच्या हातातल्या नळ्यांना पुरेसा जोर मिळेना. तीन जवान गेले. एकोणीस तास जळत वर चढलेली ही आग तिसाव्या मजल्यावर अडली. तिथे स्प्रिंकलर होते, आणि रस्त्यावरच्या बंबांचे पंप त्यांना खालून पाणी पुरवत होते. मोजक्या स्प्रिंकलरांनी तो मजला राखला.

पाणी वर पोहोचवणाऱ्या या यंत्राला वाट पाहणेच जास्त भोगावे लागते. नुसते उभे राहून बेअरिंग गंजतात, दांड्याभोवतीची ग्लँडची दोरी सुकते, बॅटरी उतरते, डिझेल शिळे होते. म्हणून दर आठवड्याला त्याला जागे करायचे. डिझेल इंजिन निदान अर्धा तास चालवतात, म्हणजे ते पुरते गरम होते. सुरुवात बटण दाबून करू नये. चाचणीचा नळ उघडून दाब उतरू द्यावा आणि पंप आपणहून उठतो का ते पाहावे, कारण आगीच्या वेळी बटण दाबायला तिथे कुणी नसते. चालताना ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडायला हवेत, सेकंदाला साधारण एक. ही गळती पाहून पाना घेऊन ग्लँड करकचून आवळणारे भेटतात. तेच थेंब दोरीला आणि दांड्यावरच्या बाहीला थंड ठेवतात, ते थांबले की बाही घासून जळते. जॉकी मात्र वारंवार उठत असेल, तर नळीत कुठेतरी खरी गळती आहे.

डिलिव्हरी बंद ठेवून पंप फार वेळ फिरवणे धोक्याचे. समजा ३० किलोवॉट ताकद केसिंगमध्ये कोंडलेल्या ५० लिटर पाण्यात जाते आहे. ते पाणी मिनिटाला सुमारे साडेआठ अंशांनी तापते, आणि नऊ मिनिटांच्या आत उकळीला येते. सक्शनही बंद असेल तर वाफ केसिंग फोडू शकते. म्हणून केसिंगवर थोडे पाणी सोडत राहणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो, आणि चाचणीत त्यातून धार वाहते का हे पाहायचे असते. व्हॉल्व्ह मिटवतानाही घाई नको. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी पोलादी नळीत एकदम अडवले, तर सुमारे बारा बारचा धक्का उठतो. निकोलाय जुकोव्स्की यांनी १८९८ साली मॉस्कोच्या नळांवर हे गणित मांडले.

दुरुस्तीला हात घालणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दुरुस्तीसाठी नळी रिकामी करताच दाब उतरतो, आणि दाब उतरणे हाच पंपाला सुरू होण्याचा हुकूम असतो. कपलिंगवर वाकलेल्या माणसाच्या हातात ते दांडे त्याच क्षणी फिरू लागतील. म्हणून आयसोलेटर बंद करून कुलूप घालायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, वर नावाची पाटी लावायची. डिझेलच्या बॅटरीच्या दोन्ही संचांच्या तारा काढायच्या, दोन्ही व्हॉल्व्ह मिटवायचे, अडकलेला दाब सोडायचा. कपलिंगवरची जाळी शेवटी बसवल्याशिवाय चाचणी नाही. तेवढा वेळ दुसरा पंप सज्ज हवा आणि पहाऱ्यावर माणूस हवा.

महाराष्ट्रात २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावे लागते. कागद भरला जातो. पण ठरलेल्या मापाच्या दीडपट पाणी काढून पाहण्याची चाचणी मात्र आवर्जून मागून घ्यावी. त्या प्रवाहावर पंपाने ठरलेल्या दाबाच्या किमान ६५ टक्के दाब टिकवायला हवा. २,२८० लिटरचा पंप ३,४२० लिटर देताना दाबाचा काटा कुठे उभा राहतो, हे सोसायटीच्या कमिटीतल्या दोन-चार माणसांनी खाली उतरून पाहावे आणि वहीत लिहावे. गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडले की इंपेलर किती झिजला ते कळते. चाचणी संपल्यावर पॅनेलची मूठ पुन्हा ‘ऑटो’वर आणायची आणि तेही वहीत, वेळ घालून, सहीनिशी नोंदवायचे.