वार्धक्य, योगाभ्यास आणि स्मरण

वय साठीपुढें गेलें कीं, चष्मा कोठें ठेवला, औषध घेतलें कीं राहिलें, असे प्रश्न घरोघरीं ऐकूं येतात. तरुण मंडळी हंसून सोडून देतात. वृद्ध मात्र मनांत धास्तावतात. या विस्मृतीवर योगाभ्यासाचा कांहीं उपाय चालतो काय, हें म्हणूनच पाहण्याजोगें आहे.

पतंजलींनीं स्मृति ही चित्ताच्या पांच वृत्तींपैकीं एक गणली आहे, आणि योगाचें प्रयोजन वृत्तींचा निरोध हें आहे. अर्थात् स्मरणशक्ति वाढविणें हा योगाचा मूळ हेतु नव्हे. मग लाभ होतो तो कसा? पुष्कळदां आपण जें विसरलों म्हणतों, तें मुळांत लक्षपूर्वक ग्रहणच केलेलें नसतें. चष्मा ठेवतांना चित्त अन्यत्र असतें. आसनांत व श्वासाच्या गतीवर मन वारंवार परत आणण्याची जी संवय लागते, ती या ग्रहणास साह्यभूत होते.

योगक्रिया प्रयोगशाळेंत तपासण्याची वाट आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनीं 1924 सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून घालून दिली. स्मृतीविषयींचा एक प्रयोग अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनीं 2014 सालीं प्रसिद्ध केला. सरासरी 62 वर्षें वयाच्या 118 व्यक्तींपैकीं एका गटानें आठ आठवडे, आठवड्यांतून तीनदां हठयोग केला. दुसऱ्यानें अंग ताणण्याचा व बळकटीचा साधा व्यायाम केला. ऐकलेलें मनांत धरून त्यावर काम करण्याची शक्ति योग करणाऱ्यांत अधिक सुधारली. मात्र असे प्रयोग अल्पकाळचे आहेत. योगानें स्मृतिभ्रंशाचा रोग बरा होतो, असें त्यांवरून म्हणतां येत नाहीं.

मांजरी बुद्रुक 2021 सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. रहदारीच्या रस्त्यावर एकट्यानें फिरणें वृद्धांस अवघड वाटतें. त्यांना घरांतील सतरंजी पुरेशी आहे. भिंतीचा आधार घेऊन उभ्यानें हात वर नेणें, खुर्चीवर बसून सावकाश श्वसन, शेवटीं शवासन, एवढा अर्धा तास पुरे. रक्तदाब असलेल्यांनीं श्वास रोखूं नये. परिचित वाट चुकूं लागली किंवा घरच्या माणसांचीं नांवें आठवेनाशीं झालीं, तर विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें.

घरच्यांचेंही एक कर्तव्य आहे. एकदां चूक झाली म्हणून वडीलधाऱ्यांच्या हातून दुधाचा हिशेब किंवा कपाटाची किल्ली काढून घेऊं नये. ज्या मनास दिवसभर कांहीं लक्षांत ठेवावयाचेंच उरत नाहीं, त्याला सकाळचा अर्धा तास किती पुरणार?