उबेच्या पेटीतील चुकार वीज

साप, घोरपड, कासव यांना शीतरक्त म्हणण्याचा प्रघात आहे. त्याचा अर्थ त्यांचे रक्त सदा थंड असते असा नव्हे. अंगची ऊब अंगातच निर्माण करून ती टिकविण्याची सोय त्यांच्यापाशी नसते, एवढाच. रानातला अजगर सकाळी उन्हात येऊन पडतो आणि ऊन चढले की सावलीत सरकतो. पेटीतल्या अजगराला ही मुभा नसल्यामुळे ऊनच त्याच्यापाशी आणावे लागते. पुरेशी ऊब न मिळाल्यास गिळलेले भक्ष्य पचत नाही, ते पोटातच कुजू लागते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जोन प्रॉक्टर या विदुषीच्या योजनेनुसार १९२७ साली जे सर्पगृह उघडले, त्यात पिंजऱ्याचा एखादाच भाग विजेने तापविण्याची व्यवस्था होती. एक कोपरा उबदार, दुसरा थंड, आणि निवड प्राण्याची, हे तत्त्व आजही पाळले जाते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, घोणस, अजगर घरी बाळगता येत नाहीत. त्यामुळे अशा पेट्या मुख्यतः प्राणिसंग्रहालयांत आणि सर्पोद्यानांत आढळतात. चेन्नईच्या हवेत त्यांची फारशी गरज भासत नाही. दिल्लीच्या जानेवारीत मात्र दिवे आणि हीटर लावल्याशिवाय गत्यंतर नसते.

आता अशा एका पेटीची कल्पना करावी. लाकडी चौकट, पुढे काच, वर लोखंडी जाळीचे झाकण, तळाशी चपटा हीटिंग पॅड. सेवक सकाळी येतो, आत पाण्याचा फवारा मारतो, ओल्या हाताने जाळी उचलतो, आणि बोटांना मुंग्या येतात. आत पाहावे तर साप वेटोळे घालून स्वस्थ! ‘सापाला काही होत नाही, तेव्हा विजेचा दोष नसावा,’ असा निष्कर्ष येथे हमखास काढला जातो, आणि तो घातक आहे. तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का बसत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. कोरड्या लाकडी पेटीतल्या सापाची स्थिती पुष्कळशी तशीच असते. सेवकाचे पाय मात्र ओल्या फरशीवर असतात. जाळीपासून जमिनीपर्यंतचा रस्ता त्याच्या देहातून पुरा होतो. सापाचे स्वास्थ्य हा विजेच्या निर्दोषपणाचा दाखला नव्हे.

सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह माणसाला जाणवतो; १० च्या आसपास स्नायू आखडून हातातली वस्तू सोडवत नाही; ३० च्या पुढे जिवाशी गाठ असते. मुंग्या आणणारा प्रवाह यांतला सर्वांत क्षुल्लक, हे खरे. परंतु त्याने हात दचकून मागे येतो, आणि त्या हाताखाली नाग असेल, तर धोका विजेचा उरत नाही, दंशाचा होतो.

ही वीज येते कोठून? तिचे दोन प्रकार आहेत, आणि सारा शोध त्यांतला भेद ओळखण्यात आहे. पहिली केवळ प्रभावाने आलेली वीज. हीटिंग पॅडमधील रुंद पट्टी आणि तिच्याजवळील धातूचा पत्रा वा जाळी, मध्ये प्लास्टिक आणि काच, अशी ही रचना आपसूक संधारित्रच बनते. प्रत्यावर्ती प्रवाह त्यातून किंचित पलीकडे पोहोचतो. आवरण शाबूत असते, तरी टेस्टर लुकलुकतो आणि मीटर पन्नास-साठ व्होल्ट दाखवितो. दुसरी म्हणजे खरी गळती: कुरतडलेली वायर, चिरलेला होल्डर, ओल शिरलेला हीटर. येथेही टेस्टर तसाच लुकलुकतो! म्हणून केवळ टेस्टरवर विसंबणाऱ्या वायरमनचा निवाडा मानू नये.

तपासणी क्रमाने व्हावी. प्रथम प्राणी दुसरीकडे हलवावा. मग बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढावा. दोन पिनांचा प्लग उलटसुलट बसतो. तो उलटा बसला असल्यास थर्मोस्टॅट फेजऐवजी न्यूट्रल तोडतो, आणि ‘बंद’ दिसणारा हीटर पूर्ण दाबावर राहतो. यानंतर दिवा, हीटर, पंप अशी एकेक वस्तू जोडून कोणत्या वस्तूबरोबर दाब येतो ते जाणकार वायरमनने पाहावे. संशयित सापडल्यावर जाळी आणि चांगली अर्थिंग यांच्यामध्ये २,००० ओहमचा रोधक जोडावा. ओल्या देहाची ही ढोबळ नक्कल होय. त्यावर मोजलेल्या दर २ व्होल्टांमागे १ मिलिअँपिअर प्रवाह धरावा. व्होल्टाचे काही दशांशच उरले, तर ती प्रभावाची वीज असण्याचा संभव अधिक. कित्येक व्होल्ट टिकले, तर गळती ठरली, आणि ती वस्तू बाद करावी. चिकटपट्टी गुंडाळून ती परत पेटीत ठेवणे हा काटकसरीचा प्रकार नव्हे. आकडा अल्प आला तरी लगेच निश्चिंत होऊ नये, कारण कोरड्या दुपारी निर्दोष दिसणारा हीटर सकाळच्या फवाऱ्यानंतर गळू शकतो. यासाठी तो वेगळा काढून मेगरने, ५०० व्होल्टांवर, त्याचे आवरण तपासावे. काही मेगओहमसुद्धा रोध न मिळणारा हीटर पेटीत नको.

प्रभावाच्या विजेवर उपाय सोपा आहे. जाळी, पत्रा, दिव्याची धातूची टोपी हे सर्व अर्थिंगला जोडावे, म्हणजे मुंग्या थांबतात. मात्र ही अर्थिंग खरोखर जमिनीत पोहोचते की नाही, हे पाहिलेच पाहिजे. तीन पिनांचे सॉकेट भिंतीवर दिमाखात बसलेले असते, आणि मागे तिसरी तार कोठेच गेलेली नसते, असा अनुभव जुन्या इमारतींत दुर्मीळ नाही. पाण्याच्या नळाला तार बांधण्याची पद्धतही आता निरुपयोगी, कारण पुढची नळी बहुधा प्लास्टिकची असते.

याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच हवाच. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह तो सारखा ताडून पाहतो, आणि फरक पडताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. मुंग्या मात्र त्याने थांबत नाहीत, कारण तेवढा अल्प प्रवाह त्याच्या हिशेबी येत नाही. त्याच्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो जागा आहे ना, हे पाहावे लागते. हिवाळ्याच्या रात्री तो पडला तर पेट्या गार होतात, म्हणून प्रत्येक पेटीला स्वतंत्र स्विच असणे बरे. आणि पेटीतून निघणारी वायर सॉकेटकडे सरळ न नेता आधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी. काचेवरून वायरीवर ओघळलेले पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकते, सॉकेटात शिरत नाही.