पराभवाची वाक्यरचना : सलामीचा सामना आणि चाहत्यांचे विवेचन

एखादा संघ हरला म्हणजे त्याचे चाहते त्या पराभवाची कारणे शोधू लागतात. ही कारणमीमांसा खेळाच्या जाणकारीचा विषय मानली जाते आणि तशी ती आहेही. परंतु तिला आणखी एक अंग आहे. चाहता जी कारणे सांगतो ती वाक्यांतून सांगतो, आणि प्रत्येक वाक्यात त्याला कर्ता कोण, क्रिया कोणाची, हे नकळत ठरवावे लागते. दोष कोणाचा आणि पराभव कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा युक्तिवादाच्या आधी व्याकरणातच दिली गेलेली असतात. प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध पराभवाच्या आधारे या अंगाचा विचार केला आहे.

दि. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे विश्वचषक स्पर्धेतील आपल्या पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाचा संघ सौदी अरेबियाकडून २–१ असा पराभूत झाला. त्यापूर्वी सलग ३६ सामने हा संघ अपराजित होता. जागतिक क्रमवारीत अर्जेंटिना तिसऱ्या, तर सौदी अरेबिया ५१ व्या स्थानावर होता. दहाव्या मिनिटाला लिओनेल मेस्सी याने पेनल्टीवर गोल केला. पूर्वार्धात अर्जेंटिनाने आणखी तीनदा चेंडू जाळ्यात धाडला. परंतु तिन्ही वेळा ऑफसाइडमुळे गोल रद्द ठरला. उत्तरार्धात ४८ व्या मिनिटाला सालेह अल्-शहरी याने बरोबरी साधली आणि ५३ व्या मिनिटाला सालेम अल्-दौसरी याने आघाडी मिळवून दिली. ती शेवटपर्यंत टिकली.

या घटनेचे अगदी लहान कथन म्हणजे एकच क्रियापद. अर्जेंटिनातील स्पॅनिश भाषेत ‘पेर्दीमोस’ म्हणजे ‘हरलो’ आणि ‘पेर्दिएरोन’ म्हणजे ‘हरले’. मराठीप्रमाणेच स्पॅनिशमध्येही सर्वनाम उच्चारण्याची गरज नसते. पुरुष आणि वचन क्रियापदाच्या अंत्य प्रत्ययावरून कळते. मैदानावर पाऊल न ठेवलेला चाहता ‘हरलो’ म्हणतो तेव्हा तो त्या पराभवात आपला वाटा मान्य करतो. ‘हरले’ म्हणतो तेव्हा तो बाजूला होतो. अंतर एका प्रत्ययाचे आहे, पण संबंधाचे स्वरूप त्याने पालटते.

हा पालट केवळ तर्काने सुचणारा नाही. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना आपापल्या विद्यापीठाच्या संघाच्या सामन्यांचे वर्णन करावयास सांगितले होते. ते सामने अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचे होते. जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना विद्यार्थ्यांनी ‘आम्ही’ या अर्थाचे सर्वनाम अधिक वापरले; न जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना त्याचे प्रमाण घटले. यशाशी नाते जोडणे आणि अपयशापासून दूर सरणे ही प्रवृत्ती अशी सर्वनामांत उमटते.

मराठीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या शहरात पेठापेठांतून अर्जेंटिनाचे आणि ब्राझीलचे चाहते आढळतात. तेथील अर्जेंटिनाचा चाहता आपल्याच पक्षाच्या मित्राशी बोलत असेल तर ‘आपण हरलो’ म्हणेल. ब्राझीलच्या चाहत्यासमोर कबुली देताना ‘आम्ही हरलो’ म्हणेल. श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद स्पॅनिश सर्वनामांत नाही. तिकडे एकाच रूपाला दोन्ही कामे करावी लागतात. उलट ब्राझीलचा चाहता टोमणा म्हणून ‘आपण हरलात’ असेही म्हणू शकेल. तेथे ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचे होते आणि आदर हेच टोमण्याचे साधन बनते. एका सामन्याच्या निकालावरून कोण कोणाच्या बाजूला उभा आहे, हे अशा रीतीने सर्वनामच सांगते.

दुसरा प्रश्न दोषाचा. ‘आम्ही चूक केली’ आणि ‘आमच्याकडून चूक झाली’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. परंतु दुसऱ्यात ‘चूक’ हीच कर्तृपदी बसते आणि करणारा ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययामागे जातो. ‘सामना हातून निसटला’ या वाक्यात सामना स्वतःच निसटतो. हात केवळ त्याची वाट होतात. स्पॅनिशमध्ये ‘से नोस एस्कापो एल पार्तीदो’ ही अगदी अशीच रचना आहे. तीत सामना हा कर्ता असतो, आणि ज्यांच्या हातून तो निसटला ते चतुर्थीत येतात. दोन दूरच्या भाषांनी अनिच्छेने घडलेल्या गोष्टीसाठी इतकी सारखी सोय केलेली असावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रद्द झालेल्या तीन गोलांच्या बाबतीत या सोयीचा परिणाम स्पष्ट दिसतो. ‘नोस आनुलारोन त्रेस गोलेस’, म्हणजे ‘आपले तीन गोल रद्द केले’. कोणी केले, हे वाक्य सांगत नाही. क्रियापद तृतीयपुरुषी अनेकवचनी आहे आणि कर्ता अव्यक्त आहे. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र पंच, यंत्र किंवा दैव असा कोणीतरी बाहेरचा कर्ता उभा राहतो. त्या स्पर्धेत ऑफसाइडच्या निर्णयासाठी अर्धस्वयंचलित तंत्र वापरण्यात आले होते. त्यामुळे यंत्राला कर्ता करणे आणखी सोपे झाले.

आता हीच घटना दुसऱ्या रीतीने मांडता येते. प्रशिक्षक एर्वे रनार यांच्या सौदी संघाने आपली बचावफळी गोलपासून बरीच पुढे, मैदानाच्या मध्याकडे आणून ठेवली होती. अशा मांडणीत बचावपटूंच्या पाठीमागे मोठी मोकळी जागा उरते आणि तिच्यात घुसण्याचा मोह आक्रमकांना होतो. परंतु चेंडू सुटण्यापूर्वी एक पाऊल जरी पुढे पडले, तरी खेळाडू ऑफसाइड ठरतो. मांडणी धोक्याची होती. पूर्वार्धात ती यशस्वी ठरली. म्हणजे ‘आपले तीन गोल रद्द केले’ या वाक्याऐवजी ‘सौदी बचावाने सापळा रचला आणि आपण त्यात पुनःपुन्हा शिरलो’ असे म्हणता येते. दोन्ही वाक्ये वस्तुस्थितीला सोडून नाहीत. मात्र पहिल्या वाक्यातून पुढे काही करण्यासारखे निघत नाही, तर दुसऱ्यातून धाव उशिरा घ्यावी, चेंडू वेगळ्या मार्गाने पुढे न्यावा, असे उपाय सुचतात. त्याखेरीज दुसऱ्या वाक्यात प्रतिपक्षाला कर्त्याचे स्थान मिळते. ‘आपण हरलो’ एवढेच म्हटल्याने सौदी संघ जिंकला ही गोष्ट वाक्यातून नाहीशी होते.

संकेतार्थालाही हाच नियम लागू पडतो. ‘तो गोल धरला असता तर जिंकलो असतो’ यात बदलावयाची गोष्ट दुसऱ्याच्या हाती ठेवलेली आहे. ‘मध्यंतरानंतर सावध राहिलो असतो तर बरोबरी तरी राखली असती’ यात ती स्वतःच्या हाती आहे. पराभूतांचे सांत्वन पहिल्या प्रकाराने अधिक होते, तर विवेचनाला दुसरा प्रकार अधिक उपयोगी पडतो.

सलामीच्या पराभवाचे एक खास वैशिष्ट्य मराठीतील ‘च’ या अव्ययात सापडते. ‘पहिलाच सामना हरलो’ हा खेदाचा उद्गार होय. ‘हा तर पहिलाच सामना’ हा दिलाशाचा. अव्यय तेच, पण एका ठिकाणी ते आरंभ बिघडल्याचे सांगते आणि दुसऱ्या ठिकाणी अजून पुष्कळ उरल्याचे. गटातील तीन सामन्यांपैकी दोन शिल्लक असल्यामुळे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. मग चाहते पूर्वीचे दाखले शोधतात. अर्जेंटिना १९९० साली कॅमेरूनकडून १–० असा सलामीलाच हरूनही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. स्पेन २०१० साली स्वित्झर्लंडकडून १–० ने हरून पुढे विश्वविजेता झाला. परंतु जर्मनी २०१८ साली मेक्सिकोकडून तसाच १–० ने हरला आणि गटातच बाद झाला. दाखला धीर देतो. निकालाची हमी मात्र देत नाही.

अर्जेंटिनाचे पुढे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी मेक्सिकोविरुद्ध प्रारंभीच्या संघात पाच बदल केले. तो सामना २–० असा जिंकला गेला आणि पोलंडवरही तेवढ्याच फरकाने विजय मिळाला. १८ डिसेंबर रोजी, जेथे सलामीचा सामना गमावला होता त्याच लुसैलच्या मैदानावर, फ्रान्सविरुद्ध ३–३ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर ४–२ ने सरशी साधून अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला. या यशामुळे पहिल्या पराभवाची प्रत्येक मीमांसा खरी ठरली, असे समजणे मात्र चुकीचे होईल. विवेचनाची योग्यता पुढील निकालावर अवलंबून नसते. घडलेल्या गोष्टीतील कर्ते त्याने यथायोग्य ओळखले की नाहीत, यावर ती अवलंबून असते.

चाहत्याकडून यापेक्षा अधिक तटस्थतेची अपेक्षा करणेही योग्य नव्हे. तटस्थ निरीक्षक ‘ते हरले’ म्हणून मोकळा होतो. चाहत्याला ‘आपण हरलो’ असे म्हणून पुन्हा ‘आपण कोठे चुकलो’ हेही विचारावयाचे असते. पहिल्या वाक्यात नाते राखले जाते आणि दुसऱ्यात सत्य शोधले जाते. या दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच राहिला, तर त्या संध्याकाळची चर्चा केवळ हळहळीत संपत नाही, आणि पुढच्या सामन्याला तो चाहता पूर्वीच्याच जागी येऊन बसतो.