गणवेशाची सक्ती नेमकी कुणावर?

जून जवळ आला की घराघरांत गणवेशाचा विषय निघतो आणि त्याबरोबर वर्षानुवर्षे खरी मानलेली काही विधानेही कानावर येतात. ती तपासायला हवीत, कारण त्यांचा भार शेवटी मुलांवर पडतो.

‘गणवेश कायद्यानेच सक्तीचा आहे.’ तसा देशभर लागू असलेला कायदा नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या केंद्रीय नमुना नियमांत गणवेशाचा उल्लेख आहे, पण तो मुलाचा हक्क म्हणून. सरकारी, जिल्हा परिषद आणि पालिका शाळांतील मुलांना, तसेच खासगी शाळांत २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना तो मोफत मिळाला पाहिजे. याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. गणवेश नाही म्हणून पहिलीतल्या मुलीला परिपाठाच्या रांगेतून काढून वर्गाबाहेर उभे करणे ही शिस्त नव्हे. तिचा गणवेश घेणे तिच्या हातात नसते.

‘गणवेशाने गरीब-श्रीमंत भेद मिटतो.’ यात तथ्य आहे. १५५२ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेचा निळा कोट हा जगातल्या सर्वांत जुन्या गणवेशांपैकी एक आणि तो गरीब, अनाथ मुलांसाठीच होता. आजही वर्गात सगळ्यांचा शर्ट एकाच रंगाचा असला की कपड्यांवरून होणारी चढाओढ कमी होते. पण भेद दुसऱ्या दाराने आत येतो. साध्या निळ्या-पांढऱ्या कापडाचा गणवेश कोणताही शिंपी शिवून देतो. शाळेने खास चौकडी विणून घेतली, खिशावर बोधचिन्ह छापले, टाय-बेल्ट आणि शनिवारचा वेगळा टी-शर्ट जोडला की ते सारे एकाच दुकानात मिळते आणि दर तोच दुकानदार ठरवतो. ठरावीक दुकानाची सक्ती करू नये, असे राज्याच्या शिक्षण विभागाने शाळांना वारंवार बजावले आहे. सीबीएसईनेही २०१७ मध्ये आपल्या शाळांना पुस्तके-गणवेशाच्या विक्रीपासून दूर राहायला सांगितले. तरीही प्रवेशाच्या कागदांसोबत दुकानाचे नाव हातात पडतेच, आणि पालक मुलाच्या काळजीने गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

‘गणवेशाने शिस्त आणि गुण वाढतात.’ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या शाळांनी १९९४ मध्ये गणवेश सक्तीचा केला. तिथले गैरप्रकार घटले आणि श्रेय गणवेशाला गेले. मात्र त्याच काळात तिथे इतरही सुधारणा सुरू होत्या. १९९८ मध्ये ब्रन्स्मा आणि रॉकमोर या अभ्यासकांनी देशपातळीवरील आकडेवारी तपासली, तेव्हा गणवेशामुळे वर्तन किंवा हजेरी सुधारल्याचे दिसले नाही. केनियात मात्र गरीब मुलांना मोफत गणवेश दिल्यावर गैरहजेरी लक्षणीय घटली, जरी दीर्घकाळ टिकणारा परिणाम आढळला नाही. म्हणजे जो काही फरक पडला, तो गणवेश हाती मिळाल्याने, सक्तीने नव्हे.

‘सरकार मोफत देते, मग अडचण कसली?’ समग्र शिक्षा योजनेत दोन संचांसाठी वर्षाला ६०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. म्हणजे एका संचाला ३०० रुपये. त्यात कापड, शिलाई, बटणे सगळे आले. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत कापड राज्य पातळीवरून घेऊन शिलाई महिला बचत गटांना दिली. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत. जे आले त्यांतले कित्येक मापात बसेनात, कारण कापड ठरावीक मापांनी आधीच कापलेले होते. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेश घेण्याचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. दोन्ही संच वेळेवर मिळण्याचे महत्त्व कोकणातल्या आईला विचारावे. आषाढात भिजलेली पँट चुलीजवळ वाळत घालूनही सकाळी दमटच असते, आणि संच एकच असेल तर मूल तीच घालून जाते किंवा घरी राहते.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कापड सुती की टेरिकॉट, शिंपी गावातला की बाहेरचा, मापे कधी घ्यायची, हे विषय त्यांनी उन्हाळी सुट्टी लागण्याआधीच्या सभेत मांडावेत. मापे एप्रिलमध्ये घेतली तर गणवेश शाळेच्या पहिल्या दिवशी अंगात असू शकतो.