सोळाच्या पटीतले घर

संगणकाची स्मृती म्हणजे एक लांबलचक चाळच होय. तिच्यातील प्रत्येक खोलीस 'बाइट' म्हणतात व खोल्यांना शून्यापासून ओळीने क्रमांक असतात. एखादी माहिती कोणत्या खोलीपासून ठेवली आहे, हे सांगणाऱ्या चिठ्ठीस 'पॉइंटर' असे नाव आहे. आपल्या पांडेसऱ्यातील रंगाई-छपाईच्या एखाद्या कारखान्याचा पगारपट संगणकावर मांडला, तर कोणत्या कामगाराचा हिशेब कोठे आहे, हे अशी चिठ्ठीच सांगते. ती चुकली, तर एकाच्या घामाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर पडावयाचे!

हा धोका ओळखून आयबीएम कंपनीने १९७८ साली 'सिस्टिम/३८' व १९८८ साली 'एएस/४००' हे मध्यम आकाराचे संगणक जाहीर केले, तेव्हा त्यांत एक कडक नियम घातला. पॉइंटर १६ बाइटांचा असावयाचा, आणि त्याच्या पहिल्या खोलीच्या क्रमांकास १६ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. म्हणजे ०, १६, ३२, ४८ या जागा चालतील. २० चालणार नाही.

असे का? खऱ्या पॉइंटरच्या सोळा खोल्यांच्या घराशी यंत्र एक गुप्त खूण बाळगते. कोणी साध्या आज्ञेने त्यातील एक अक्षर जरी बदलले, तरी ती खूण पुसली जाते व यंत्र तो पॉइंटर मानीत नाही. खूण घरागणिक असल्यामुळे पॉइंटर दोन घरांत अर्धा-अर्धा राहिला, तर त्याची साक्ष कोणते घर देणार?

या शिस्तीची किंमतही मोजावी लागते. एक अक्षर, एक पॉइंटर, पुन्हा एक अक्षर, पुन्हा एक पॉइंटर अशी मांडणी केल्यास प्रत्येक अक्षरामागे १५ खोल्या रिकाम्या राहतात व एकूण ६४ बाइट लागतात. तेच दोन्ही पॉइंटर आधी व अक्षरे शेवटी ठेवली, तर घर पुरे करूनही ४८ बाइटांत भागते. माहिती तीच, परंतु क्रम बदलताच १६ बाइट वाचले.

पॉइंटरमध्ये जागा ऐसपैस ठेवल्याचा लाभ १९९५ साली दिसला. एएस/४०० चे पत्ते ४८ बिटांवरून ६४ बिटांवर गेले, तरी ते त्याच १६ बाइटांत मावले आणि असंख्य प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागले नाहीत.

सारांश, रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक जागेस वाया गेलेली समजू नये. तिच्याच बळावर कोणाच्या तरी कष्टाचा हिशेब बिनचूक राहतो.