विमानाचा वेग आणि दिग्व्रताची मर्यादा

15 ऑक्टोबर 2025 रोजी सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली आणि उमरगा तालुक्यातील मुरुमकरांनाही मुंबई जवळ आल्यासारखी वाटू लागली. सोलापूर ते मुंबई हे अंतर आकाशमार्गे, सरळ रेषेत, सुमारे 360 किलोमीटर आहे. लोहमार्गाने तेच 455 किलोमीटर भरते. वंदे भारत गाडीला साधारण साडेसहा तास लागतात, तर विमानाला तास-सव्वा तास.

मात्र घरापासून हिशेब मांडला, तर चित्र थोडे बदलते. मुरुमहून सोलापूरच्या विमानतळापर्यंत दीड-दोन तास, उड्डाणापूर्वीची तपासणी व प्रतीक्षा, आणि मुंबईत उतरल्यावर घर गाठण्याचा वेळ धरला, म्हणजे सव्वा तासाचा प्रवास पाच-सहा तासांचा होतो. तरीही मुलाबाळांना भेटण्यास निघालेल्या वृद्ध मातापित्यांना ही सोय मोलाचीच आहे.

ज्या श्रावक-श्राविकांनी दिग्व्रत घेतले आहे किंवा घेण्याचा विचार चालविला आहे, त्यांनी मात्र येथे क्षणभर थांबावे. दिग्व्रत म्हणजे दहाही दिशांना गमनाची आजन्म मर्यादा. चार दिशा, चार विदिशा, अधोदिशा आणि ऊर्ध्वदिशा. पूर्वी ऊर्ध्वदिशेची मर्यादा पर्वतारोहणापुरती पुरेशी होती. आज जेट विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात. ही मर्यादा न विचारता विमानात बसल्यास ऊर्ध्वव्यतिक्रम हा अतिचार घडू शकतो.

दुसरा प्रश्न मोजणीचा. समजा, एखाद्याने मुरुमपासून पश्चिमेकडे 450 किलोमीटरची मर्यादा घेतली. सरळ रेषेत मुंबई सुमारे 410 किलोमीटर असल्याने मर्यादेत बसते. रस्त्याने मात्र ती मर्यादेबाहेर जाते. मग सोयीचे माप निवडण्याचा मोह होतो. एका दिशेचे क्षेत्र घटवून दुसरीकडे वाढवणे हा क्षेत्रवृद्धी नावाचा अतिचार, तर ठरविलेली मर्यादा विसरणे हा स्मृत्यंतराधान.

यावर उपाय शास्त्रातच आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात मर्यादेसाठी समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने अशा प्रसिद्ध खुणा सांगितल्या आहेत. आजच्या श्रावकानेही नुसता आकडा न धरता स्थळांची नावे घ्यावीत: पश्चिमेस मुंबई, ईशान्येस सम्मेदशिखरजी, दक्षिणेस श्रवणबेळगोळ. उंचीची मर्यादा स्वतंत्रपणे ठरवावी. लेकरे कोठे आहेत, औषधोपचारासाठी कोठे जावे लागेल, कोणत्या तीर्थाची वंदना करावयाची आहे, याचा घरात विचार करून गुरूंसमोर व्रत घ्यावे आणि ते वहीत लिहून ठेवावे.

विमानाने प्रवासाचे तास कमी केले आहेत, अंतर कमी केलेले नाही. दिग्व्रत तासांनी मोजले जात नाही, ते क्षेत्राने मोजले जाते. मर्यादेबाहेरच्या क्षेत्रातील सूक्ष्म पापांपासूनही निवृत्ती व्हावी, हाच त्याचा हेतू आहे. एवढे ध्यानी ठेवले, तर विमानाचे तिकीट आणि व्रताची वही एकाच कपाटात सुखाने राहू शकतील.