इफ्तारची कढई आणि उरलेले तेल

रमजानमध्ये असरची नमाज झाली की घरोघरी कढया चढतात. भजी, समोसे, कटलेट. रोजेदाराला खाऊ घालणे सवाबाचे काम आहे. पण काल तळलेल्या तेलात आज थोडे ताजे तेल ओतून पुन्हा तळायचे, हा अनेक घरांतला शिरस्ता मात्र धोक्याचा आहे.

वारंवार तापवल्याने तेल मोडते. ते काळपट आणि घट्ट होते, फेसाळते, त्याला उग्र वास येतो. त्यात ध्रुवीय संयुगे साचतात, ती हृदयाला आणि यकृताला घातक असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून ही संयुगे २५ टक्क्यांहून जास्त असलेले तेल वापरता येत नाही. हॉटेलात ती मोजण्याचे यंत्र असू शकते. घरात आपले डोळे आणि नाक हेच यंत्र.

आता प्रमाण पाहू. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपला, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल झाले. बैठे काम करणाऱ्याला २० ते २५ ग्रॅम पुरते. बाहेरचे फरसाण, बिस्किटे यांतले तेल वेगळेच.

या तेलाची वाट लांबची आहे. आपल्या देशाला लागणारे निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येते. त्यात मोठा वाटा इंडोनेशिया, मलेशियातील पाम तेलाचा. त्याच्या मळ्यांसाठी सुमात्रा, बोर्निओतील जंगले तोडली गेली. पण तेवढ्याच जमिनीत इतर तेलबियांपेक्षा पाम कितीतरी जास्त तेल देतो. त्यामुळे नुसते तेल बदलून भागणार नाही, ते कमीच वापरावे लागेल.

मग करायचे काय?

• दस्तरख्वानावर तळलेला पदार्थ एकच ठेवा. सोबत खजूर, फळे, उकडलेले चणे.
• लहान, खोलगट कढई घ्या. तेल कमी लागते.
• तळलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा. त्यात पुन्हा तळू नका, ताजे तेल मिसळू नका.
• खराब तेल मोरीत ओतू नका. ते पाइपात थिजते आणि नाल्याच्या पाण्यावर तवंग धरते. गार झाल्यावर बाटलीत साठवा. अशा तेलापासून बायोडिझेल बनते. शहरात ते गोळा करणारे असतील तर त्यांना द्या.

खाण्यापिण्यातला इसराफ आपल्याला मना आहे. इसराफ म्हणजे ताटात टाकलेले अन्न एवढेच नव्हे. गरजेपेक्षा जास्त ओतलेले तेलही त्यात येते. दिवसभर भूक आवरणाऱ्याला संध्याकाळी कढई आवरणे जड जाऊ नये.